साध्या अक्षरांची वही

मराठीत ‘टिपणे’ या क्रियापदाला दोन निरनिराळ्या अर्थच्छटा आहेत. अंगणात विखुरलेले दाणे चिमणी टिपते. कागदावर सांडलेली शाई टीपकागद टिपतो. चिमणी खड्यांतून नेमका दाणा निवडते. टीपकागदाला निवड ठाऊक नसते. त्याच्यावर जे सांडेल ते तो शोषून घेतो. ‘टिपण’ काढताना यांपैकी कोणती क्रिया अभिप्रेत आहे, याचा विचार फारसा होत नाही. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वह्या मात्र टीपकागदाच्या जातीच्या असतात. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा उतरलेला असतो, त्याखाली लाल शाईची रेघ असते, समासात ‘महत्त्वाचे’ असा शेरा असतो; आणि पानामागून पान महत्त्वाचेच असल्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री नेमके काय वाचावे, हा प्रश्न जेथल्या तेथे राहतो.

नियमित शाळेतील विद्यार्थ्याचे यावाचून फारसे अडत नाही. त्याला शिक्षक रोज भेटतात, वर्गमित्राची वही मागता येते, आणि वर्षाचा अभ्यास वर्षातच संपतो. मुक्त विद्यालयात शिकणाऱ्याची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे टिकतो आणि त्या अवधीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय सवडीने देता येतो. ही सवलत मोठी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या पोटात एक अडचण दडलेली आहे: पहिल्या वर्षी केलेला अभ्यास तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाताशी असावा लागतो. मधल्या काळात बिऱ्हाड बदलते, बाळंतपण होते, घरात आजारपण येते, कारखान्यातील पाळी बदलते. वह्या माळ्यावर जातात आणि तेथून रद्दीत. अशा वेळी टिपणे टिकलेली असली, तर तुटलेला धागा पुन्हा जोडता येतो. ती हरवली, तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. आणि पुष्कळांची उमेद नेमकी त्या पहिल्या पानापाशीच खचते. तेव्हा टिपणे कोठे ठेवावीत आणि ती कशी मांडावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी तो शिक्षण पुरे होणे वा अर्धवट राहणे यांच्याशी जोडलेला आहे.

आज बहुतेकांच्या हाती भ्रमणध्वनी आहे आणि अनेकांना कोठे ना कोठे संगणकही वापरावयास मिळतो. टिपणे ठेवण्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या सजविलेल्या सोयी त्यांवर उपलब्ध आहेत. रंगीत चौकटी, चित्रे, घंटा वाजवून आठवण करून देणाऱ्या याद्या, असे पुष्कळ काही. या सर्वांच्या गर्दीत एक अगदी साधे साधन कोपऱ्यात पडलेले असते. ते म्हणजे साध्या मजकुराचा संपादक. विंडोज संगणकावर त्याला नोटपॅड म्हणतात. तो त्या प्रणालीच्या १९८५ मधील पहिल्या आवृत्तीपासून तिच्यासोबत आहे. साध्या मजकुरात अक्षर ठळक करता येत नाही, रंग देता येत नाही, चित्र चिकटवता येत नाही. अक्षरे, मोकळ्या जागा आणि ओळी, एवढीच त्याची पुंजी. अभ्यासाच्या टिपणांसाठी हेच दरिद्री दिसणारे साधन अधिक भरवशाचे आहे, असे येथे मांडावयाचे आहे. मात्र त्याला मांडणीची जोड हवी. मांडणीवाचून साधा मजकूर म्हणजे पोत्यात कोंबलेले कपडे.

मांडणी म्हणजे काय, हे प्रौढ विद्यार्थ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. वाण्याची यादी प्रत्येक घरात होते. तीत तांदूळ आधी आला काय आणि गूळ आधी आला काय, बिघडत नाही. सर्व जिनसा एका पातळीवर असतात. लग्नघरातील याद मात्र निराळी असते. तीत पूजेचे साहित्य एका मथळ्याखाली, आहेर दुसऱ्या, रुखवत तिसऱ्या मथळ्याखाली येते; आहेरात पुन्हा वरपक्षाचे आणि वधूपक्षाचे असे पोटभाग पडतात, आणि प्रत्येक नावापुढे साडी की चोळखण याची नोंद होते. पहिली नुसती यादी, दुसरा आराखडा. ज्या गृहिणीने दोन-तीनशे माणसांचे कार्य अशा यादीच्या आधारे निभावून नेले आहे, तिला शिकवण्यासारखे यात थोडेच उरते. शिक्षण सुटलेल्या माणसाला आपण काहीच जाणत नाही असे वाटत असते. वस्तुतः व्यवहारात त्याने कमावलेली ही शिस्त पुस्तकी अभ्यासात आणावयाची तेवढी राहिलेली असते.

याला संगणकाच्या इतिहासातूनही एक गमतीदार दुजोरा मिळतो. अमेरिकन अभियंते डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे आपल्या संगणकाचे जे गाजलेले प्रात्यक्षिक दाखविले, त्यात त्यांनी पडद्यावर काय लिहून दाखविले असावे? बाजारातून आणावयाच्या वस्तूंची यादी. त्या वस्तूंचे त्यांनी गट पाडले, गटांना मथळे दिले, आणि एखादा गट मिटवून केवळ त्याचा मथळा दिसेल अशी किमया करून दाखविली. ‘माउस’ नावाचे उपकरण जगाने पाहिले तेही याच प्रात्यक्षिकात. पण माउसची जेवढी कीर्ती झाली, तेवढी त्या मिटणाऱ्या-उघडणाऱ्या यादीची झाली नाही.

अभ्यासात आराखडा काय साधतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भूगोलातील मोसमी पावसाचा पाठ घेतला, तर एखाद्या विद्यार्थ्याचे टिपण पुढीलप्रमाणे होऊ शकेल:

मोसमी पाऊस
- कारण: उन्हाळ्यात जमीन तापून हवेचा दाब कमी होतो, समुद्रावरून बाष्पयुक्त वारे येतात
- आगमन: सुमारे १ जूनला केरळात
- अरबी समुद्रावरील शाखा
    - सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो
    - सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछाया; पाऊस कमी
- बंगालच्या उपसागरावरील शाखा
    -
- परतीचा काळ: ऑक्टोबर-नोव्हेंबर
    - तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस याच काळात पडतो

या टिपणातील सर्वांत मोलाची ओळ कोणती? बंगालच्या उपसागराखालची रिकामी ओळ. पाठ वाचून झाला, समजला असे वाटले, आणि लिहावयास बसल्यावर कळले की त्या शाखेविषयी मनात काहीच शिल्लक नाही. हाच मजकूर सलग परिच्छेदात उतरवला असता, तर वाक्ये वाक्यांना जोडली गेली असती आणि मधली पोकळी दिसलीच नसती. परिच्छेद अज्ञान झाकतो; आराखडा ते उघडे पाडतो. म्हणून रिकामा मथळा पुसून टाकू नये. पुन्हा पुस्तक उघडताना कोठे उघडावयाचे, हे तोच सांगतो. दिवसभराच्या कामानंतर ज्याच्या वाट्याला अभ्यासासाठी तासभरच येतो, त्याला ‘आज काय वाचू’ या प्रश्नावर वीस मिनिटे खर्च करणे परवडत नाही.

दुसरी गोष्ट हलविण्याची. तमिळनाडूची ओळ आधी बहुधा ‘अपवाद’ अशा एखाद्या मथळ्याखाली पडलेली असते, कारण जून ते सप्टेंबरमध्ये तेथे इतर भारताच्या मानाने पाऊस कमी, एवढेच प्रथम लक्षात राहते. पुढे समजते की अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या दृष्टीने तो किनारा डोंगरांच्या आडोशाला आहे, उपसागरावरील शाखा त्याला समांतर निघून जाते, आणि परतीच्या काळातील ईशान्येकडून येणारे वारे मात्र उपसागरावरून बाष्प घेऊन त्याच्यावर येतात. हे उमगल्यावर ती ओळ ‘अपवादा’तून उचलून ‘परतीच्या काळा’खाली न्यावीशी वाटते. कागदावर त्यासाठी खाडाखोड करावी लागते, बाण काढावे लागतात. संपादकात ती ओळ कापून दुसरीकडे चिकटवली की झाले. आणि ओळ एका मथळ्याखालून दुसऱ्याखाली नेण्याचा निर्णय घेणे, यालाच समजणे म्हणतात. घोकंपट्टी करणाऱ्याची ओळ कधी जागची हलत नाही.

मात्र ओळ ही विधान असावी. ‘सह्याद्री’ एवढाच शब्द लिहून ठेवला, तर लिहिणाऱ्याला त्या दिवशी सारे आठवते. तीन वर्षांनंतर तो शब्द वाचणारा माणूस तोच असला, तरी जवळजवळ परका असतो. ‘सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर भरपूर पाऊस पडतो’ हे वाक्य त्या परक्यालाही कळते. तसेच, पायऱ्या तीनांहून अधिक करू नयेत. मथळ्याखाली उपमथळा, त्याखाली मुद्दा, हे पुरेसे आहे. चौथी-पाचवी पायरी काढावी लागत असेल, तर त्या विषयाचे दोन स्वतंत्र आराखडे व्हावयास हवेत, हे ओळखावे.

टिपणे रोजच्या रोज लिहावीत की विषयवार, हा वाद जुना आहे. जुन्या मराठी व्यापाऱ्यांनी तो केव्हाच सोडविला होता. पेढीवर दोन प्रकारच्या वह्या असत. दिवसभराचा व्यवहार जसा घडेल तसा, त्याच क्रमाने, रोजकीर्दीत चढे. मग सवडीने त्यांतील प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, नेली जाई. कीर्दीत क्रम काळाचा, खतावणीत खात्याचा. गिऱ्हाईक दारात उभे असताना खतावणीचे पान शोधत बसणे शहाणपणाचे नव्हते, आणि वर्षाखेरीस एखाद्याचे येणे काढताना साऱ्या कीर्दी चाळत बसणेही नव्हते. अभ्यासातही हेच. गाडीत, कामाच्या मधल्या सुट्टीत, अभ्यास केंद्रावरील संपर्कवर्गात जे सुचेल वा ऐकू येईल, ते दिनांक घालून एकाच धारिकेत ओळीखाली ओळ टाकत जावे. तेथे मांडणीचा विचारच करू नये. आठवड्यातून एकदा त्यांतील दाणे निवडून ज्या त्या विषयाच्या आराखड्यात न्यावेत. चिमणीचे काम या वेळी सुरू होते. ज्यांना रोजच्या रोज नीटनेटके टिपण साधत नाही म्हणून अपराधी वाटते, त्यांनी एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

मराठी गद्याच्या आरंभीचा इतिहास पाहिला, तर तेथेही या दोन वह्या आढळतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या नंतर, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. नागदेवाचार्यांपासून आरंभ करून, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते अशा शिष्यांना भेटून त्यांनी एकेक ‘लीळा’ टिपून घेतली. हे सारे टिपण त्यांनी चरित्राच्या क्रमाने एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत लावले. तो ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. पुढे केसोबासांनी त्याच सामग्रीतून स्वामींची वचने वेगळी काढून प्रकरणवार ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला, आणि स्वामींनी सांगितलेले दृष्टांत निराळे काढून ‘दृष्टांतपाठ’ रचला. पहिल्या ग्रंथात प्रसंगांची मालिका आहे, पुढील दोहोंत विषयांची विभागणी. सामग्री एकच, परंतु चरित्र जाणू पाहणारा लीळाचरित्राकडे वळतो आणि तत्त्वज्ञान जाणू पाहणारा सूत्रपाठाकडे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात म्हाइंभटांच्या चिकाटीचे कौतुक होते ते योग्यच आहे. केसोबासांच्या निवडीचे त्या मानाने कमी होते.

याच परंपरेत टिपणांच्या दोन शत्रूंचेही दर्शन घडते. त्यांपैकी एक म्हणजे प्रत नष्ट होणे. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले. दुसरा शत्रू अधिक सूक्ष्म आहे. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या सुरक्षित होत्या, अक्षरे शाबूत होती, परंतु किल्ली जवळ नसलेल्याला त्यांतील काहीच वाचता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा करीपर्यंत मराठीतील हे आद्य गद्य पंथाबाहेरच्या मराठी माणसाला जवळजवळ अपरिचित होते.

हा दुसरा शत्रू संगणकाच्या युगात नव्या वेषात आलेला आहे. ज्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर संगणकावर टंकित केला, त्यांना त्याचा परिचय आहे. त्या काळी अनेक देवनागरी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवून काम भागवीत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे. डोळ्यांना तेवढा मराठी दिसे. धारिका दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तोच टंक नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन गर्दी उमटे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना कवेत घेऊ पाहणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला तिच्या स्वतःच्या जागा मिळाल्या. ‘क’ला एक ठरलेला क्रमांक, ‘ख’ला दुसरा. टंक बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. घराघरांतील संगणकांवर ही सोय पोहोचावयास पुढे बरीच वर्षे लागली. विंडोजमध्ये देवनागरीचा अंगभूत आधार २००० च्या आवृत्तीपासून मिळू लागला. तरीही नोटपॅडमध्ये धारिका जतन करताना ‘यूटीएफ-८’ किंवा ‘युनिकोड’ हा पर्याय हेतुपुरस्सर निवडावा लागे; तो निवडला नाही, तर पुन्हा उघडल्यावर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही, आणि गेलेला मजकूर परत मिळत नसे. २०१९ पासून नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८ पद्धतीनेच मजकूर जतन करू लागला. संगणक त्यापूर्वीचा असेल, तर ही खबरदारी आजही घ्यावयास हवी.

साध्या मजकुराचे मोल येथे आहे. त्याची लिपी सार्वजनिक आहे. तिची किल्ली कोणा एका कंपनीच्या खिशात नाही. सजविलेल्या टिपण-सेवांची टिपणे पुष्कळदा त्या त्या सेवेच्याच साच्यात राहतात, आणि सेवेचे नियम बदलले की टिपणांचे भवितव्यही बदलते. ‘गूगल नोटबुक’ ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली. तिच्यातील मजकूर अन्यत्र हलविण्यात आला, हे खरे, परंतु ज्यांनी तेथे घडी बसविली होती त्यांची ती घडी मोडली. ‘एव्हरनोट’ने २०२३ च्या अखेरीस विनामूल्य वापरणाऱ्यांना पन्नास टिपणांची आणि एका वहीची मर्यादा घातली. यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. विनामूल्य सेवा देणारा ती कायम देत राहील, अशी अपेक्षा बाळगणेच चूक. परंतु ज्याचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे, त्याने आपली वही दुसऱ्याच्या मर्जीवर किती सोपवावी, याचा विचार अवश्य करावा.

शिवाय साधा मजकूर जागा फारच थोडी अडवितो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या तिप्पट. तरीही तीनशे शब्दांचे मराठी पान सहा किलोबाइटच्या आसपास भरते. भ्रमणध्वनीने काढलेले वहीच्या पानाचे एक छायाचित्र जेवढी जागा घेते, तेवढ्यात अशी चारपाचशे पाने मावतात. प्रती काढून ठेवण्यास म्हणूनच सबब उरत नाही. एक प्रत भ्रमणध्वनीत, एक पेनड्राइव्हवर आणि एक स्वतःलाच पाठविलेल्या ई-पत्रात, एवढे केले की एखादे यंत्र बिघडले तरी अभ्यास बुडत नाही. धारिकेच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा दिनांक घातला, तर संगणक त्या आपोआप क्रमाने लावतो. दिवस आधी लिहिला, तर सर्व महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन गोंधळ होतो.

टिपणांत शोध घेण्याची सोय हा साध्या मजकुराचा आणखी एक गुण म्हणून सांगितला जातो. तो आहेच, परंतु मराठीच्या बाबतीत त्याला एक अट आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. संगणक अर्थ शोधत नाही, अक्षरे जुळवितो. मराठीत विभक्ती-प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि अनेकदा मूळ शब्दच बदलून जातो. ‘पाऊस’ शोधावयास गेले, तर ‘पावसाचे प्रमाण’ सापडत नाही. ‘वारा’ शोधला, तर ‘वाऱ्यांची दिशा’ निसटते. त्यावर उपाय म्हणून नुसते ‘पाव’ शोधले, तर पावसाबरोबर पावशेर आणि पावलेही हजर होतात. ऱ्हस्व-दीर्घाचीही हीच गत. एका टिपणात ‘भुगोल’ आणि दुसऱ्यात ‘भूगोल’ लिहिणाऱ्याला निम्मी टिपणे कधीच भेटत नाहीत. देवनागरी आकड्यांत लिहिलेले साल इंग्रजी आकड्यांत शोधले, तर साधा संपादक रिकाम्या हाताने परततो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी ही अवस्था होते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक मथळ्यात महत्त्वाचे शब्द प्रत्यय न लावता, मूळ रूपात लिहावेत: ‘पाऊस, वारा, सह्याद्री’. खालच्या ओळींत मग भाषा हवी तशी वाहू द्यावी. शुद्धलेखनाचे नियम केवळ गुणांसाठी असतात असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला, त्यांचा हा अगदी व्यावहारिक उपयोग सहज पटण्यासारखा आहे.

आराखड्यासाठी कोणती खूण वापरावी, याला फारसे महत्त्व नाही. कोणी ओळीच्या आरंभी आडवी रेघ घालतात, कोणी तारका. ॲमस्टरडॅम येथील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांची व्यवस्था लावण्यासाठी तारकांच्या संख्येवरून मथळ्याची पायरी ओळखणारी ‘ऑर्ग-मोड’ नावाची पद्धत रचली. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी ‘मार्कडाउन’ नावाची आणखी सोपी पद्धत प्रसिद्ध केली. दोहोंचा प्रसार जगभर झाला आहे आणि दोहोंतील धारिका नोटपॅडमध्येही वाचता येते. तथापि या पद्धतींच्या बारकाव्यांत शिरण्यात एक धोका आहे. कोणती खूण चांगली, कोणता संपादक अधिक सोयीचा, धारिकांना नावे कोणती द्यावीत, याचा खल करता करता आठवडे निघून जातात आणि टिपण एकही होत नाही. नमनालाच घडाभर तेल जाते. घडी बसविण्याचा हा छंद अभ्यासाचा आव आणतो, म्हणून आळसाहूनही अधिक फसवा असतो. आडवी रेघ आणि डावीकडे सोडलेली मोकळी जागा, एवढ्यावर एक विषय पूर्ण करावा. त्यानंतर काही उणे वाटले, तर खुशाल नवे काही शोधावे.

या मताविरुद्ध घेतला जाणारा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. परीक्षा हाताने लिहावयाची असते. तीन तास पेन धरण्याची सवय बोटांना नसेल, तर उत्तम आराखडाही उत्तरपत्रिकेत उतरत नाही. हे अगदी खरे आहे, आणि म्हणून टिपणे संगणकावर आणि उत्तरांचा सराव कागदावर, अशी वाटणी करणे इष्ट. आराखड्यातील एक उपमथळा घ्यावा, पडदा मिटावा आणि त्यावर दहा ओळींचे उत्तर हाताने लिहून काढावे. पुष्कळांना प्रथम कागदावरच टिपण काढल्याखेरीज विषय डोक्यात शिरत नाही. त्यांनी रोजकीर्द कागदाची ठेवावी आणि खतावणी तेवढी संगणकावर न्यावी. संगणक सहज हाताशी नसेल, तर हीच मांडणी दोनशे पानी वहीतही करता येते, फक्त प्रत्येक मथळ्याखाली अर्धे पान कोरे सोडावे लागते आणि दुसरी प्रत हाताने काढावी लागते.

गणित, नकाशे, विज्ञानातील आकृत्या यांपुढे साधा मजकूर सरळ हात टेकतो. हृदयाची रचना शब्दांनी लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ती काढावयासच हवी, आणि तीही पुनःपुन्हा. अशा ठिकाणी आराखड्यात एकच ओळ लिहावी: ‘आकृती पाहा, वही क्रमांक २, पान १४’. त्यासाठी वहीच्या पानांना पहिल्याच दिवशी क्रमांक घालून ठेवावे लागतात, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर तिचा स्वतःचा क्रमांक.